सोबत कोण?

मी कोमट पाण्याचं भांडं खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवलं, कोपर बुडवून पाणी बघितलं, टॉवेल पिळला आणि तो पेशंटच्या मुलीच्या हातात दिला.

"तुम्ही पाय पुसून घ्या," मी म्हटलं, "तोवर मी बीपी बघते."

मुलगी म्हणजे साठीची बाई. सकाळीच आईचे धुतलेले कपडे घेऊन आली होती आणि खिडकीशी अवघडून उभी होती. तिने टॉवेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे ओळीने उभ्या असलेल्या तीन परीक्षकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकीचं पेन कागदावर थांबलं होतं. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ कळला नाही. मी आपली खुशाल पेशंटच्या, म्हणजे फ्राऊ ब्रेनर आजींच्या, दंडाला पट्टा गुंडाळत होते. सगळं कसं झोकात चाललंय, असंच माझ्या मनात होतं.

मुलीने कोट काढला, बाह्या वर सारल्या आणि ती आईचे पाय पुसायला लागली.

दुपारी निकाल सांगितला. नापास.

"तुम्ही नर्सचं काम नातेवाइकाला सांगितलंत," मुख्य परीक्षकबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तेही परीक्षेत, आमच्यासमोर. का?"

का, ते समजावायचं तर त्यांना जर्मनीतून उचलून श्रीरामपूरला न्यावं लागलं असतं. 

श्रीरामपूरच्या सरकारी दवाखान्यात मी कंत्राटी सिस्टर होते, बायकांच्या वॉर्डात. खाटांपेक्षा पेशंट जास्त आणि पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त. नवीन पेशंट आत आला की नाव-गाव मागाहून, आमचा पहिला प्रश्न ठरलेला: "सोबत कोण आहे?" जो सोबत असेल त्याने पेशंटचं अंग पुसायचं, भरवायचं, भांडं द्यायचं, सलाईन संपत आलं की पळत येऊन सांगायचं, रक्त लागलं तर आणायचं आणि यातून फावलं तर खाटेखाली चटई टाकून लवंडायचं. आम्ही सुया टोचायच्या, गोळ्या द्यायच्या आणि नातेवाइकांवर खेकसायचं. "एका पेशंटसोबत एकानंच थांबायचं, बाकीचे बाहेर!" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतून उठवलं तरी त्याच पट्टीत म्हणेन. पण एखादीच्या सोबत कुणीच नाही असं कळलं की आम्हीच शेजारच्या खाटेच्या नातेवाइकाला तिच्याकडे बघायला सांगायचो. मोठमोठ्या दुखण्यांतून उठलेल्या बाया मी पाहिल्यात, आणि सोबत नाही म्हणून साध्या तापाने खचलेल्याही पाहिल्यात.

अंग पुसणं मला शिकवलं नव्हतं असं नाही. शिकवलं होतं, बाहुलीवर. वॉर्डात मात्र ते काम नातेवाइकांचं आणि नातेवाईक नसतील तर आयाचं. माझी आई आयाच होती. मिशनच्या दवाखान्यात बायकांची अंगं पुसण्यात तिचा जन्म गेला. म्हणूनच तिने मुलीला सिस्टर केलं. सगुणाबाई त्रिभुवनची सुवार्ता सिस्टर झाली त्या दिवशी तिने सगळ्या मिशन कंपाउंडात पेढे वाटले होते, आणि ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्या दारात जाऊन वाटले होते.

त्याच आईला मी संध्याकाळी फोनवर सांगितलं, नापास झाले म्हणून.

"कशात गं?"

"अंग पुसण्यात."

 ती अशी हसत सुटली की फोन हातातून पडतो की काय. "अगं म्हंजे मपल्याच कामात की! मंग तुला कशाला धाडली एवढ्या लांब? मीच गेले असते की गं इमानात बसून!"

मागून शेरॉन ओरडली, "आज्जी, हसू नको ना, मम्मी रडतीय."

रडत होते खरी. पण आई हसली की माझ्याने गप्प बसवत नाही, म्हणून हसतही होते.

शेरॉन माझी मुलगी. ती दीड वर्षाची असताना तिचे पप्पा संगमनेर रस्त्यावर अपघातात गेले. त्यानंतर आम्ही तिघीच. तिघींचं पोट माझ्या एकटीच्या हातावर, आणि तो हात कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी आता ठेवतात की काढतात म्हणून देव पाण्यात बुडवून बसायचं. ख्रिस्ती घरातही म्हण तीच. तेव्हा जर्मनीत नर्स हव्यात असं निघालं, मी वर्षभर भाषा घोकली, सात वर्षांच्या शेरॉनला आईजवळ ठेवलं आणि नेकर नदीकाठच्या या लहानशा गावात आले.

इथे आल्यावर कळलं की परवाना हातात येईपर्यंत मी नर्स नाहीच, मदतनीस आहे. जेवणाचे ट्रे द्यायचे, चादरी बदलायच्या, सुईला हात लावायचा नाही. परवान्याची परीक्षा खऱ्या पेशंटवर, खऱ्या वॉर्डात आणि दोनदाच देता येणार. पास झाले तर नोकरी कायम, दोन खोल्यांचं घर आणि शेरॉनचा व्हिसा. दुसऱ्यांदाही नापास झाले तर बॅग भरायची आणि श्रीरामपूरला जाऊन उभं राहायचं. माझ्या जागी तिथे केव्हाच दुसरी लागली होती. पोरगी हवी तर परवाना हवा, इतकं ते सरळ होतं.

आईला आणायची सोय त्या कायद्यात नव्हती. मुलगी चालत होती, आई चालत नव्हती. त्यावर आम्ही मायलेकी फार बोलायचो नाही. एकदाच मी विषय काढला तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय? कंपाउंडात चार घरं हायेत, शेजारी दुशिंगबाई हाय. तू पोरगी घेऊन जा, म्हंजे मी सुटले."

दोन वर्षं मी माझी मुलगी फोनच्या तळहाताएवढ्या काचेत पाहिली. तिचे पुढचे दात त्या काचेत पडले आणि त्या काचेतच नवे आले. सुरुवातीला ती मला सगळं दाखवायची, वही, खरचटलेला गुडघा, मांजरीची पिल्लं. पुढे पुढे "काय केलंस आज?" विचारलं तर "काय नाय" म्हणायची. एके दिवशी इथल्या एका बाळाचं डोकं हुंगताना माझ्या लक्षात आलं की शेरॉनच्या केसांचा वास मला आठवत नाही. तेल आईचंच असायचं, ब्राह्मी घातलेलं. तेलाचा वास आठवत होता, त्याखालचा तिचा आठवत नव्हता. त्या दिवशी मी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले.

पहिल्या परीक्षेच्या आधीच मी तिच्यासाठी कोट घेऊन ठेवला होता. लाल, टोपीचा, आतून लोकरीचा. मापासाठी आईला सांगितलं, तिला दाराच्या चौकटीशी उभी कर आणि वितीने मोज. आईची वीत आणि माझी वीत एकच आहे, लहानपणी हाताला हात लावून आम्ही पाहिलेलं. "सहा इती आन् दोन बोटं," आईने सांगितलं. "कशाला गं?" मी म्हटलं, असंच. दुकानात जाऊन मी भिंतीवर विती टाकून तेवढ्या उंचीशी कोट लावून पाहत बसले, तेव्हा दुकानदारीणबाई माझ्याकडे बघतच राहिली. चार बोटं वाढीची धरून घेतला. शेरॉनला सांगितलं नाही. ती आली की दारामागच्या खुंटीवर तिचा तिलाच दिसेल असं मनात होतं. परीक्षेत नापास झाले त्या दिवशी घरी आले तर आधी तोच दिसला.

मला शिकवायला फ्राऊ होल्त्स नावाच्या बाई होत्या. निवृत्तीला आलेल्या, उंच, चेहऱ्यावरची रेषही हलणार नाही अशा. नापास झाल्यावर त्यांनी मला बोलणी दिली नाहीत, कामाला लावलं. रोज सकाळी पाच-सहा जणांची अंगं. तोंड आधी, साबणाशिवाय. हात लावण्याआधी सांगायचं. जेवढं पुसतोय तेवढंच उघडं ठेवायचं. पायांना पाणी नवं. सुरुवातीला माझा जीव नकोसा व्हायचा. परक्या म्हाताऱ्या पुरुषाची पाठ पुसताना आई आठवायची आणि मनात म्हणायचे, बघ गं बाई, तुझे पेढे फुकट गेले.

एक सवय मात्र जाता जाईना. इथे पेशंट एकटाच येतो. छोटी चाकांची बॅग ओढत, केस नीट विंचरून, गावाला निघाल्यासारखा. त्याला बघून माझ्या तोंडून निघायचंच, "सोबत कोण आहे?" कुणी मला मुलाचा फोन नंबर द्यायचं, कुणी वकिलाचा. एक आजोबा म्हणाले, "कुत्रा होता, तो शेजाऱ्यांकडे ठेवलाय." एक आजी भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

फ्राऊ होल्त्सनी मला बाजूला घेतलं. "हे विचारू नका."

"आमच्याकडे पहिलं तेच विचारतात."

"इथे त्यांना वाटतं, तुम्ही म्हणताय, मी करणार नाही, तुमचं करायला कोण आहे." मग त्या म्हणाल्या, "फ्राऊ त्रिभुवन, इथे सोबत म्हणजे आपण. दुसरं कुणी येणार आहे असं धरूनच चालायचं नाही."

मी हो म्हटलं. पटलं मात्र नव्हतं. आपण आठ तास असतो, मग ड्यूटी संपते. ती कसली सोबत?

त्याच सुमाराला एकदा सायकली लावायच्या जागी फ्राऊ ब्रेनरची मुलगी भेटली. मी ओळख न दाखवता सटकणार होते, तर तिने हाक मारली. तिची आई त्या आठवड्यात गेली होती, तिचं सामान न्यायला ती आली होती.

"माझ्यामुळे तुम्ही नापास झालात ना?"

"तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे."

"मी आईच्या पायांना लहानपणापासून कधी हात लावला नव्हता," ती म्हणाली. "आमच्यात तशी पद्धत नाही. त्या दिवशी तुम्ही टॉवेल दिलात म्हणून लावला. तिची करंगळी माझ्यासारखी वाकडी आहे, हे मला माहीतच नव्हतं."  तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडला.

खरं सांगते, मला त्या वेळी रागच आला. हिच्या आभारांचं काय लोणचं घालू? हिला आईचे पाय मिळाले आणि माझी पोरगी तिकडेच राहिली. तिचं बोलणं मला कळायला पुढे बराच वेळ लागला.

दुसऱ्या परीक्षेच्या आठवड्यात घरचा फोन बिघडल्यासारखं झालं. शेरॉन उचलायची, पण चेहरा दाखवायची नाही. "नेट नाय मम्मी." आईला दे म्हटलं तर "आज्जी झोपलीय," "आज्जी चर्चला गेलीय." बुधवारी कसलं चर्च? पण माझ्या डोक्यात औषधांची नावं आणि जर्मन विभक्ती यांची खिचडी शिजत होती. परीक्षा म्हणून पोरगी मला त्रास देत नाही, शहाणी झाली, असं म्हणून मी फोन ठेवला.

परीक्षेला मिळाल्या त्या फ्राऊ आमान. न्यूमोनियातून उठत होत्या. जन्मभर ट्रॅममध्ये तिकिटं तपासलेली बाई. नजरही तशीच, समोरच्याने तिकीट काढलेलंच नाही असं धरून बघणारी. परीक्षक तेच तिघे. मागच्या वेळचं पेन मी बरोबर ओळखलं.

"हे लोक कोण?" फ्राऊ आमाननी विचारलं.

"माझी परीक्षा घ्यायला आलेत."

"आणि मी काय, प्रश्नपत्रिका?"

परीक्षकांतला एक गालात हसला. 

गोळ्या तपासल्या, नाडी, श्वास, ऑक्सिजन पाहिला, उशा लावून त्यांना बसतं केलं. मग पाणी घेतलं. तोंड, गळा, हात. बोलत, सांगत, झाकत, उघडत. पाठीला आले. म्हाताऱ्या बायकांची पाठ सगळीकडे सारखीच असते. मणके वर आलेले, खांद्याशी कातडी सैल. आईची पाठही अशीच. रविवारी चर्चच्या आधी मी तिला पाठ चोळून द्यायचे, आणि "जरा जोर लाव की, खायला घालते न्हवं तुला," असं ती म्हणायची. माझा हात आपोआप तसा चालायला लागला, खालून वर, जरा जोर लावून. फ्राऊ आमाननी डोळे मिटले. आणि माझ्या तोंडून गेलंच.

"सोबत कोण आहे तुमच्या?"

 ते पेन पुन्हा थांबलं.  झालं, मी मनात म्हटलं, घरादारासकट बुडाले. शेरॉनचा कोट, दोन खोल्या, सगळं त्या भांड्यातल्या पाण्यात गेलेलं मला दिसलं.

फ्राऊ आमाननी डोळे उघडले नाहीत. "आत्ता?" त्या म्हणाल्या. "आत्ता तुम्ही आहात की."

मी टॉवेल पिळला. "हो," मी म्हटलं. "मी आहे." आणि पायांसाठी नवं पाणी आणायला गेले.

या खेपेला पाय मीच पुसले. बोटांच्या मधून, घोट्याच्या मागून. करंगळ्या पाहिल्या. सरळ होत्या.

दुपारी मुख्य परीक्षकबाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, पास. "तो प्रश्न पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही उत्तर निभावलंत." फ्राऊ होल्त्सच्या चेहऱ्यावरची रेष एकदाची हलली. त्यांनी मला मिठी मारली, तीही अशी की जणू मला उचलून खाटेवर ठेवायचंय. माझा जीव भांड्यात पडला.

मी धावतच खोलीवर गेले. दार लावलं, तर आतल्या बाजूने कोट समोर आला. त्याच्या बाह्या धरून मी एक गिरकी घेतली, वेड्यासारखी. मग आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होत आली असेल.

"आई! पास झाले गं! पास!"

"सुवार्ता, अगं, मी बोलतीय. दुशिंगमावशी."

तिच्या आवाजामागून एक आवाज आला. लोखंडी ट्रॉलीचं करकरणारं चाक. तसलं चाक जगात एकच आहे. ती ट्रॉली मी वर्षानुवर्षं ढकललीय आणि त्या चाकाला तेल घाला म्हणून वर्षानुवर्षं ओरडलेय.

"मावशी, तू माझ्या वॉर्डात काय करतेस?"

"घाबरू नको. तुझी आई न्हाणीत घसरली सोमवारी. खुबा मोडलाय. आप्रेशन करू म्हनत्यात डॉक्टर. आम्ही सांगनार होतो गं, पन तिनंच शपथ घातली, पोरीची परीक्षा होऊस्तवर तोंड उघडायचं न्हाई."

मी खाटेवर बसले. आई माझ्या वॉर्डात होती. सोमवारपासून. मी इथे उशा लावत होते, पाठी पुसत होते आणि ती तिथे, बहुतेक खिडकीजवळच्या खाटेवर. म्हाताऱ्या बायकांना आम्ही तीच द्यायचो.

"दे तिला."

"पास झाली का?" आईचा आवाज बारीक झाला होता, पण कडक.

"झाले."

"देवाची स्तुती असो. दुशिंगबाई, पेढं आन गं!"

 आणि मग सिस्टर असल्यासारखं मी विचारलं, "आई, सोबत कोण आहे तुझ्या?"

"हाय की. ही काय, शेरू हाय. आन् दुशिंगबाई येऊन-जाऊन."

तेवढ्यात माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. आवाज दुसरीचा, तरुण, पण पट्टी तीच. "एका पेशंटसोबत एकानंच थांबायचं! बाकीचे बाहेर! या आजींच्या सोबत कोण आहे?"

"मी," शेरॉन म्हणाली.

"तू? मोठं कुणी नाही का?"

"मावशी रात्री असते. दिवसा मीच असते. भरवते पण मीच आन् पाय पण मीच पुसते."

 ती सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली असावी, कारण चाक पुन्हा करकरलं. वॉर्डात एक सिस्टर आणि पन्नास बाया. तिच्या जागी मी असते तरी पुढच्याच खाटेकडे गेले असते.

फोन शेरॉनच्या हातात आला. या वेळी तिने चेहरा दाखवला. वेणी स्वतःच घातलेली दिसत होती, एका बाजूला सुटलेली.

"मम्मी, पास झालीस?"

"झाले, बाळा."

"म्हंजे मी आता तिकडे येणार?"

दोन वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, तर तिनेच पुढे विचारलं, "मग आज्जीसोबत कोण?"

मागून आई ओरडली. "मला काय धाड भरलीय? सुवार्ता, तू हिचं काय ऐकू नको. घेऊन जा पोरीला! मी जन्मभर दुसऱ्यांचं केलं, माझं माझं करीन मी!"

शेरॉनने तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. "मम्मी, ती खोटं बोलते," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून माझा हात सोडत नाही. एकाच हाताने फोन धरलाय मी."

मला ती हवी होती. पोटाशी धरायला हवी होती, तिची ती वेडीवाकडी वेणी सोडून पुन्हा घालायला हवी होती. तेवढ्यासाठीच मी लोकांची अंगं पुसली होती, आणि आता परवाना मिळाला होता. एक शब्द बोलायचा अवकाश होता. दारामागे लाल कोट लटकत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

"थांब, बाळा," मी म्हटलं. "तूच थांब आज्जीजवळ."

"बरं," ती म्हणाली. "तू रडू नको. मी पाणी पाजते आता तिला. ठेवू?"

"ठेव."

ऑपरेशनच्या वेळी रजा काढून मी जाऊन आले. आईची पाठ पुसली, पाय पुसले, आणि रजा संपल्यावर परत आले, कारण ऑपरेशनही माझ्याच पगारावर होतं आणि पुढची काठी-गोळीही. त्यानंतरही मी दर वर्षी जात राहिले. आई काठी धरून उठली, पण एकटी कधी राहू शकली नाही.

शेरॉन आली ती पाच वर्षांनी, आज्जीला मिशनच्या कबरस्तानात निरोप देऊन. मी विमानतळावर घ्यायला गेले होते. ती माझ्या उंचीची झाली होती आणि माझ्याशी जरा जपून बोलत होती, पाहुण्यांशी बोलतात तसं. घरी आल्यावर तिने दार लावलं आणि खुंटीवरचा लाल कोट काढून हातात धरला. अंगाला लावून पाहिला. बाही तिच्या मनगटाच्या बरीच वर संपत होती.

"मम्मी," तिने विचारलं, "हा कुणाचा गं?"